तीन ठिपके

"रहमतभाई, तुमचे ठिपके कुठी गेले?"

रुखमाबाईनं हे विचारलं तेव्हा रहमत चहाची पेली तोंडाला लावणार होता.

"कोनते ठिपके, बाई?"

"कोनते म्हनजे? तुमचेच. हे पाहा नं." तिनं पितळी टोपी दाराच्या उजेडाकडे धरली. मुठीत मावेल एवढी, पिवळीधमक, कडेला बारीक आटे पाडलेली. "याच्यावर नाही. याच्यावरबी नाही. म्या म्हनलं, रहमतभाईले म्हातारपन आलं का काय."

"ठप्पा बोथट झाला असन," रहमत म्हणाला, आणि चहा न पिताच पेली खाली ठेवून लेथकडे वळला. पाठीवर तिची नजर आहे की नाही, हे वळून पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या रांगेत, बापूजींचं शेड. अकरा माणसं, दोन लेथ. एकावर रहमत, दुसऱ्यावर देवसिंग. आजवर इथं मोटारीच्या पंपाचे भाग बनले, जिनिंगच्या यंत्रांचे भाग बनले. पोळ्यानंतर या टोप्यांचं काम आलं. कागदावर नुसता आकडा होता, नाव नव्हतं. रुखमाबाई टोपीच्या कडेची धारदार कुसळं कानशीनं काढायची, मापाचं गेज लावून पाहायची, आणि मग खोक्यात एकेक टोपी लेकरू निजवल्यासारखी ठेवायची. काम करता करता तिनं त्यावर ओवीही बांधली होती.

पितळेचं फूल माझं, खोक्यामंदी निजलं गं,
कोन्या रानी उमलन, कोनाले गं पुसलं गं.

शेडात एक जुना नियम होता. ज्यानं नग बनवला त्यानं आतल्या कडेवर ठप्प्यानं आपली खूण ठोकायची, म्हणजे खराब माल परत आला तर कोणाकडे जायचं ते कळतं. देवसिंगची उभी रेघ. रहमतचे तीन ठिपके.

ते ठिपके त्याचे नव्हतेच खरं तर, त्याच्या अब्बांचे होते. घाटंजीच्या बाजाराच्या टोकाला अब्बांची भट्टी होती. बैलगाडीचे आख, वखराच्या पासा, विळे. वस्तू हातातून सोडण्याआधी अब्बा तिच्यावर तीन ठिपके ठोकत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "मोडलं तं या ठिपक्याच्या घरी या." लोक यायचे. एकदा राळेगावकडचा एक माणूस नऊ वर्षांनी तुटका आख खांद्यावर घेऊन आला होता. अब्बांनी ठिपके बोटानं चाचपले, माणसाला आधी जेवायला बसवलं आणि मग भट्टी पेटवली. रहमत तेव्हा पोरगा होता. त्याला वाटायचं, जगातल्या सगळ्या वस्तूंना असा पत्ता असतो.

सोमवारी निकिता मॅडम आल्या होत्या. ज्या कंपनीचं काम होतं तिच्याकडून माल तपासायला आलेली, पुण्याची, हसतमुख पोरगी. रहमतचा एक नग हातात फिरवून म्हणाली, "काका, काय सुंदर फिनिश आहे हो. तुम्हाला माहितीय का, ही कुठे बसते? तोफेच्या गोळ्याच्या नाकावर. परदेशात जातो सगळा माल."

"कोन्या देशात, बेटा?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली.

त्या दिवशी तो घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, खैरुनबीनं, नेहमीसारखा टीव्ही लावला होता. दूरच्या एका देशातलं एक गाव दिसत होतं. गाव कसलं, विटांची रास. एक बाई हातांनी विटा उकरत होती. रडत नव्हती. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं जशी न पाहता चालतात, तशी तिची बोटं चालली होती. रहमतनं जेवण ताटातच ठेवलं. हा तोच देश असेल असं कोणी सांगितलं नव्हतं. नसेल असंही कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्यानं लेथ सुरू केली, आणि त्याच्या हातानं पहिल्यांदा चोरी केली. आतली एक पायरी त्यानं केसाएवढी कमी कापली. गेजला ते दिसत नाही, ते गेज तिथवर पोचतच नाही. पण गोळा पडेल तेव्हा टोपी आपलं काम करणार नाही, एवढं बत्तीस वर्षं लोखंड कापणाऱ्या माणसाला कळत होतं. गोळा मुकाच पडेल. कोणाच्या तरी घराच्या विटा जागच्या जागी राहतील.

मंगळवार, बुधवार. एकशे छत्तीस नग. तसबीचे मणी मोजावे तसे त्यानं ते मोजले होते. आणि प्रत्येक नग हातातून सोडताना ठप्पा उचलला, आणि खाली ठेवला. बिघडवलेल्या कामावर अब्बांचे ठिपके ठोकायला हात धजला नाही.

आज गुरुवार, लेथवर पंपाचं काम. पाच वाजता ट्रक येणार होता. आणि रुखमाबाई ठिपके शोधत होती.

*

दुपारच्या सुट्टीत तिघं गेटजवळच्या कडुनिंबाखाली बसले. रहमत, रुखमाबाई आणि तिचा धाकटा भाऊ धम्मरत्न. धम्मरत्न फौजेतून निवृत्त होऊन आलेला, आता इथंच गेटवर पहारेकरी. निळी टोपी, इस्त्रीचा शर्ट आणि उजव्या कानानं कमी ऐकायची सवय.

"रहमतभाई, आज डबा नाही उघडून राह्यले," रुखमाबाई म्हणाली. "वहिनी रुसली का?"

"भूक नाही."

"तुमच्या वाटची भाजी मंग हा खाईन. याले फौजेनं एकच शिकवलं, दुसऱ्याच्या डब्यावर कब्जा."

"बाई, सरहद्दीवर होतो मी. तुह्या डब्याइतकी कडक पहारेदारी तिथंबी नव्हती," धम्मरत्न म्हणाला.

रहमत हसला, कारण हसायला हवं होतं. मग त्यानं काडीनं मातीत रेघ ओढत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "धम्मा, एक सांग. तोफेचा गोळा कधी फुटतच नाही, असं होते का?"

"होते नं. लई वेळा होते."

"मंग तं भलंच झालं म्हनाव. ज्याच्यावर पडला त्याचं."

धम्मरत्ननं घास तसाच ठेवला. "भलं?" तो म्हणाला. "भाऊ, फुटला तो गोळा एक वेळ बरा. तो काय करून गेला ते तरी दिसते. नाही फुटला तो मातीत जाऊन बसते. त्याच्यावर गवत उगवते. लढाई संपते, साहेब लोकं सह्या करतात, हात मिळवतात. पन गोळ्याले कोनी सांगतलं नसते का आता सुलह झाली."

रहमतची काडी थांबली.

"आमी एका वावरात सफाईले गेलतो. तिकडच्या बाजूनं येऊन पडलेला गोळा, अठरा वर्षांआधीचा. आमच्या पोचाच्या आदल्या दिवशी एका पोरीनं उचलला होता. शेळ्या चारनारी पोरगी, नऊ-दहा वर्षांची. तिले वाटलं, डबा हाये." त्यानं उजव्या कानाला हात लावला. "माह्या कानाचं जे झालं ते तिथलंच. दुसरा आमच्या नशिबी होता. पन मले कानाचं नाही वाटत. त्या पोरीचं पिवळं रिबन बाभळीले लटकलं होतं. ते अजून दिसते."

निंबाची दोन पिवळी पानं खाली आली.

"मंग त्याचा न्याय कोनं केला?" रुखमाबाईनं विचारलं.

"कोनता न्याय, बाई?"

"आपल्यात काही झालं तं ठाना हाये, कोरट हाये. घटना हाये, तिच्यात लिहेल हाये. उद्या मले कोनी मारलं तं तू कागद घेऊन फिरशीन. त्या पोरीनं कोनता कागद घ्यावा? गोळा एका देशाचा, वावर दुसऱ्या देशाचं. दोन देशांच्या मधात जे मानसं हायेत, त्याइची घटना कोनती?"

"हाये नं. त्याचेबी कायदे हायेत, आमाले शिकवत. वर्दी नाही त्याच्यावर गोळी नाही. दवाखान्यावर नाही, शाळेवर नाही. मोठमोठ्या देशांच्या सह्या हायेत."

"मंग?"

"मंग काय? सह्या हायेत, पन दार वाजवाले तहसील नाही." धम्मरत्ननं डबा बंद केला. "आन तुले सांगू, त्या गोळ्यावर कोनाचं नाव नव्हतं. आकडा होता नुसता. कोनाच्या घरी जाऊन विचाराचं, का बाप्पा, तुह्या हातचं हे माह्या वावरात काहून?"

रहमत उठला. त्याच्या डोळ्यांपुढे वावर आलं, आणि ते परक्या देशाचं वावर नव्हतं, कारण परक्या देशाचं वावर त्यानं पाहिलंच नव्हतं. ते राळेगावच्या रस्त्यावरचं होतं, पांढरंशुभ्र फुटलेलं. रुखमाबाईची लेक प्रियंका तिथं मजुरीनं कापूस वेचते. मागून तिचं लेकरू ओटीतलं बोंड खेळवत चालतं. आणि लेकराला मातीत काहीतरी पिवळं दिसतं.

एकशे छत्तीस. केवढं मोठं पुण्य वाटलं होतं मंगळवारी.

*

साडेतीन वाजता खोके बंद झाले होते. सहा खोके, वर पट्टी, पट्टीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर रुखमाबाईची सही. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी हात पुसत होती.

"बाई," रहमत म्हणाला. "खोके उघडा लागन."

"काहून?"

त्यानं सांगितलं. लेथच्या आवाजात, तिच्या कानाजवळ, मोजक्या शब्दांत, टोपी कुठं बसते ते, आणि आपण ती कशी बिघडवली ते. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता, खोक्यांवरच्या सहीकडे पाहत होता. ती सही त्याला आत्ता दिसली होती. तीन दिवसांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की खोटं आपण केलं आणि खरं म्हणून सही तिनं केली.

रुखमाबाईनं हातातलं फडकं पिळलं. त्यातून काही निघालं नाही, तरी पिळलं.

"म्या त्याइले फूल म्हनलं," ती म्हणाली. "तीन महिने गानं म्हनलं म्या त्याइले. तुमी सोमवारीच मले काहून नाही सांगतलं?"

"भेव वाटलं."

"आन आता नाही वाटून राह्यलं?"

"आता लई वाटते, बाई."

तिनं कातरी घेतली आणि पहिल्या खोक्याची पट्टी कापली.

वेगळे काढायला वेळ लागला नाही. ठिपका असलेला नग, रेघ असलेला नग एका बाजूला. ज्याच्यावर काहीच नाही, जो कोणाचाच नाही, तो दुसऱ्या बाजूला. तिची बोटं आतल्या कडेवरून फिरत होती, आंधळ्या माणसानं चेहरा ओळखावा तशी. एकशे छत्तीस भरले. पुन्हा मोजले. पुन्हा एकशे छत्तीस.

मग रहमत बापूजींच्या खोलीत गेला.

*

बापूजी सत्तरीचे, पांढरा शर्ट, टेबलावर बीपीच्या गोळ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडतील असं रहमतला वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून दार लावलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"कोनाकोनाले मालूम हाये?"

"रुखमाबाईले."

"धम्मरत्नाले?"

"नाही."

बापूजींनी डोळे मिटले. "बावीस वर्षं झाले तुले माह्याकडं. तुह्या हाताले मी कधी माप नाही लावलं. आन तू हे... रहमत, याले काय म्हनतात, मालूम हाये का तुले? हे पंपाचं काम नाही. याले दुसरं नाव हाये, गद्दारी. आन तुह्यं नाव घेऊन ते नाव कसं वाचतीन लोकं, तेबी मालूम असन तुले."

"हाये, बापूजी." तेच तर तीन रात्री त्याच्या उशाशी बसलं होतं.

"केसभर कमी कापलं नं? मंग मटेरियल शिल्लक हाये. केसभर अजून काप. सगळे ठीक कर, तुहा ठप्पा मार. पाचचा ट्रक आठले जाईन, मी सांगतो ड्रायव्हरले. मी काही ऐकलं नाही, तू काही सांगतलं नाही." ते पुढे वाकले. आवाज अगदी मऊ झाला. "जा. घरी बायको हाये तुह्यी. जा बेटा."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ते बेटा म्हणाले. रहमतला रडू आलं. कोणी इतक्या मायेनं सुटकेचं दार दाखवलं की माणूस त्या दारानं जातोच. तो लेथजवळ आला. एक नग लेथच्या जबड्यात, चकमध्ये धरला. घट्ट केला. मशीन सुरू केली. टोपी फिरायला लागली तशी ती टोपी राहिली नाही, नुसतं पिवळं वर्तुळ झालं.

कापायचं हत्यार तिच्यापासून बोटभर लांब होतं.

एका बाजूला, गवतातला डबा उचलणारी पोरगी. ती आता वाचली होती, खोके उघडले तेव्हाच. दुसऱ्या बाजूला, विटा उकरणारी बाई. आता हात पुढे केला की गोळा मुका पडणार नव्हता. जिथं पडायचा तिथं, ज्या घडीला फुटायचा त्या घडीला फुटणार होता. दोघींतली कोणीच त्याच्या नात्यातली नव्हती. त्यांच्या भाषेत पाणी कसं मागतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्यांना ठाऊक नव्हतं की लोहाऱ्यात, मागच्या रांगेत, एका माणसाचा हात बोटभर अंतरावर थांबलाय.

अब्बा काय म्हणायचे? मोडलं तर या. मोडण्यासाठीच बनवलेल्या वस्तूबद्दल अब्बा काही बोलले नव्हते. अशी वस्तू घाटंजीच्या बाजारात नव्हती.

त्यानं मशीन बंद केली. चकातला नग सोडवला आणि तो घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाला, बाकीच्या नगांत ठेवायला.

टेबलावर सगळं लाल होतं.

रुखमाबाईच्या हातात ब्रश होता. लाल रंगाचा डबा अर्धा रिकामा. एकशे पस्तीस टोप्यांच्या आत, आट्यांवर, कडेवर रंग ओघळत होता. लाल लागलेला नग पुन्हा मशीनवर चढत नाही, हा बापूजींचाच नियम. तो भंगारात वितळायला जातो. आणि लाल लावायचा अधिकार शेडात एकट्या रुखमाबाईचा.

"आना तो," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातल्या नगावरही ब्रश फिरवला.

"बाई, तुमी यात कायले पडल्या? बापूजी मले सोडून राह्यले होते."

"म्हनूनच. म्या म्हनलं, तुमचा हात वळला तं?" तिचा आवाज कापत होता, पण ब्रश कापत नव्हता. "मानसाच्या हाताचा काय भरोसा. वळाले जागाच नको. आन माह्यी सही तं आधीच हाये त्या चिठ्ठ्यांवर. आता खालून माहा लाल ठप्पाबी लागला."

बापूजी दारात उभे होते. कधीपासून, कोणास ठाऊक. त्यांनी लाल टेबल पाहिलं. वळले, आत गेले. काचेतून दिसलं, त्यांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. ते कोणाशी बोलतात ते ऐकू आलं नाही.

*

गेटजवळच्या बाकावर दोघं बसले. निंबाची सावली लांब होऊन रस्त्यापर्यंत गेली होती. धम्मरत्ननं नोंदवही काढली. कामाच्या वेळात कोणी गेटवर आलं की लिहावं लागतं. त्याला आता सगळं कळलं होतं. पेन उघडायला त्याला दोनदा जोर लावावा लागला.

"कारण काय लिहू?"

"लिही नं, वाट पाहून राह्यले," रुखमाबाई म्हणाली.

त्यानं तसंच लिहिलं.

"तुमच्यापाशी घरी जायले वेळ हाये, बाई," रहमत म्हणाला. "सांगाल का रहमतनं जबरदस्ती केली."

"उगी राहा."

मग सवयीनं तिचे ओठ हलले, पण जुनी ओवी बाहेर येईना. बऱ्याच वेळानं, गुणगुण नाही, नुसतं पुटपुटल्यासारखं आलं.

लाल केलं फूल बाई, माझ्या गं हातानं,
भेव संगं बसलं, एकाच गं बाकानं.

"एक गोष्ट राह्यली," रहमत म्हणाला. "सोमवारच्या आधीचे. ते तं गेले नं. बरोबर बनवलेले. त्याच्यावर माह्ये ठिपके हायेत."

"हो."

"एखादा फुटला असन. तुकडा कोन्या बाईच्या हातात असन. आतल्या कडेचा. तिले तीन ठिपके दिसतीन. ती विचारन, हे कोनाचं घर."

"इतक्या दुरून कोन येते, रहमतभाई? धम्मा म्हनते, दार वाजवाले जागा नाही."

"आली तं?"

रुखमाबाईनं रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं.

"मले तिचंच भेव वाटते," तो म्हणाला. "पोलिसाइचं वाटते, पन ते वेगळं. ती दारात उभी राह्यली तं मी काय देऊ तिले? अब्बानं नवा आख देल्ला होता. जेवाले वाढलं होतं." त्यानं खिशातून ठप्पा काढला, बोटभर लांबीचा, टोकाशी तीन दाणे. "पन ती आलीच नाही, कधीच नाही, तं त्याचं त्याहून जास्त भेव वाटते, बाई. मंग हे ठिपके कायले?"

रस्त्याच्या वळणावर गाडीचा आवाज आला. ट्रकचा होता की पोलिसांच्या गाडीचा, वळणामुळे कळत नव्हतं. धम्मरत्न उठला. त्यानं टोपी नीट केली, कडीवर हात ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिच्या बोटांवरचा लाल रंग अजून ओला होता, तो पदराला लागला.

रहमतनं ठप्पा परत खिशात टाकला नाही. मुठीत धरला, घट्ट, इतका की दाणे तळहातात रुतले. आवाज जवळ आला, शेडाच्या भिंतीशी आला. त्यानं मूठ उघडून पाहिली. तळहातावर तीन ठिपके उमटले होते.

धम्मरत्ननं गेट उघडलं.